काकूंच्या जागी ज्वारी

जुळे सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी नोकरी कुठे, माणसं किती, गाव कोणतं, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं, ज्योतिषाचा नाद असावा. मी उजवा तळवा पुढे केला आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं भाग्य आणलं. त्यांनी अंगठ्याने तळवा दाबून बघितला, बोटं उलटीपालटी केली आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, लोण्याचे हात आहेत. पण येतील वळणावर."

"मी लग्नापासून हेच सांगतेय," माझी बायको म्हणाली. ती दारातच उभी होती. घर तिथल्या तिथे ठरलं.

हाताचं कोडं पहिल्या रविवारी सुटलं. सकाळी दार वाजलं. दारात घरमालक. गळ्यात तपकिरी मफलर, हातात पॉलिशपेपरची गुंडाळी. "चला ओ भाडेकरू," ते म्हणाले, "गोदीत."

गोदी म्हणजे पार्किंग. लोक जिथे मोटार लावतात तिथे विटांच्या चार ढिगांवर एक बारा फुटी लाकडी नाव पालथी पडली होती. मी पूर्वी भाड्याच्या घरांत बागेला पाणी घातलंय, घरमालकाच्या नातवाला गणित शिकवलंय. पण नाव घासणं नवीन होतं. दोन तासांत माझ्या हाताला फोड आले आणि नाव होती तशीच राहिली. काका म्हणाले, "छान. तिची भीड चेपली."

मी त्यांना काका म्हणायला लागलो ते त्याच दिवसापासून. ते मात्र मला शेवटपर्यंत 'भाडेकरू'च म्हणत राहिले, मी स्वतःचा फ्लॅट घेऊन होटगी रोडला राहायला गेल्यावरसुद्धा.

ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं तिथे शहाणा माणूस हौद बांधतो. काकांनी नाव बांधली, तीही शिडाची. त्यांची सगळी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली होती. निळ्या शाईने मैलच्या मैल पाणी त्यांनी वाहवलं, पण त्यातल्या कुठल्याही पाण्यात पाय बुडवायची वेळ आली नाही. निवृत्त झाले त्या आठवड्यात जुन्या मागाच्या शेडचं लाकूड कुठूनसं घेऊन आले आणि काकूंना म्हणाले, "आता खऱ्या पाण्यावर." काकूंना वाटलं, पाण्याची टाकी करतायत. त्यांनी चहा करून दिला. तो चहा देणं ही आपल्या आयुष्यातली मोठी चूक, असं त्या नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

काकांना पोहता येत नव्हतं. समुद्राचा विषय काढला तर म्हणत, "समुद्र? पाहिलाय एकदा. फार हलतो." वाऱ्याशी मात्र त्यांचं घरचं नातं होतं. स्कूटरवर सिग्नलला थांबले की बोट चाटून वर धरायचे. मागच्या लोकांना वाटायचं, हा माणूस काहीतरी शपथ घेतोय. "आज नैऋत्य," असं ते शेजारच्या रिक्षावाल्याला सांगत, आणि सिग्नल सुटे. वाऱ्याचं एवढं वेड, पण तोच वारा त्यांना बाधायचा. जरा झुळूक आली की शिंका. म्हणून तो मफलर. ऐन मे महिन्यात, सोलापूर भट्टीसारखं तापलेलं असताना, काका बनियनवर मफलर गुंडाळून रंधा मारत बसलेले असत.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. अशी माणसं एकमेकांना कशी शोधून काढतात देव जाणे, पण बार्शीचे एक दातांचे डॉक्टर आणि टेंभुर्णीचे एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक, असे आणखी दोघे त्यांना मिळाले. तेही घरी नावा बांधत. पुढे माझ्या हाताचे फोड वाळून घट्टे झाले तेव्हा चौथा मी. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी टेंभुर्णीच्या पुढे, उजनीचं पाणी जिथे शेताच्या बांधाला येऊन टेकतं तिथे, आम्ही टेंपोंतून नावा नेऊन उतरवायचो. एकमेकांना दाखवायच्या आणि त्यातली एक निवडायची.

निवडायची कशी, यावर सुरुवातीला फार रणं माजली म्हणे. आपण बांधलेली नाव सोडून दुसऱ्याच्या नावेला कुणी मार्कच देईना. मेकॅनिकांनी डॉक्टरांच्या नावेला शून्य दिलं, डॉक्टरांनी मेकॅनिकांच्या नावेला "तोंड उघडं ठेवून झोपणारा पेशंट" म्हटलं. शेवटी काकांनी तोड काढली. बांधणाऱ्यांनी निवडायचंच नाही. निवड घरच्यांनी करायची. नावा काठाला ओळीने लावायच्या. घरच्या माणसांनी ओळीपुढून चालत जायचं आणि ज्या नावेचा भरवसा वाटेल तीत जाऊन बसायचं. मग सगळ्यांनी पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीला वळसा घालून परत यायचं. ज्याच्या नावेत जास्त माणसं बसली तो पहिला. बक्षीस एक नारळ.

"मार्क खोटे देता येतात," काका म्हणत, "बूड खोटं टेकवता येत नाही."

नियम कडक होता. आपल्या माणसाला हाक मारायची नाही, खुणवायचं नाही, खाकरायचंही नाही. हा नियम काकांचा, आणि त्यात दरवर्षी अडकत ते स्वतः. कारण काकू काही त्यांच्या नावेत बसत नसत. काका सुकाणूपाशी मफलर सावरत ताठ उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे. काकू येत, पदर खोचत, काकांच्या नावेपुढून अशा जात जसं तिथे काही नाहीच, आणि डॉक्टरांच्या नावेत जाऊन बसत. सलग किती वर्षं, ते काकांनी कधी मोजलं नाही आणि आम्हाला मोजू दिलं नाही.

मी एकदा काकूंना विचारलं. त्या मंगळवेढ्याच्या, बोलणं स्वच्छ. "डाक्टर दातांचे हायत," त्या म्हणाल्या. "फट ऱ्हाऊ देत न्हाईत. ह्यांचं काय, ह्यांनी घराच्या खिडक्या बसवल्या त्याबी अजून लागत न्हाईत."

काकांची नाव दोघांची होती. एक माणूस मागे सुकाणूवर, एक पुढे फळीवर. पुढची जागा रिकामी राहिली तर नाव नाक वर करते आणि वाऱ्यात वेडंवाकडं चालते. म्हणून काका पुढच्या फळीवर ज्वारीचं पोतं ठेवायचे. ज्वारी काकूंच्या माहेरची, वर्षाची. पोतं भरायला ते मला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत घेऊन जात आणि काट्यावर अठ्ठावन्न किलो तोलून घेत. ना सत्तावन्न, ना साठ.

"अठ्ठावन्नच का?" मी एकदा विचारलं.

"अंदाज आहे," काका म्हणाले. "बायकोला वजन विचारायचं नसतं ओ भाडेकरू. डोळ्यांनी करायचं असतं."

तेव्हा मला पोत्याचा उलगडा झाला. काकूंना तो आधीच झाला होता. टेंपोतून पोतं उतरवताना त्या म्हणाल्या, "हे कशाला ओढताय दरसाली तिथवर?" काका तोंड फिरवून म्हणाले, "तुझ्या जागी." काकूंनी पोत्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं हाय की. बोलत तरी नसंल."

आता माझ्या नावेबद्दल सांगायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. ती मी काकांच्याच पार्किंगच्या उरलेल्या अर्ध्यात बांधली, प्लायवूडची. सांगाड्यापर्यंत बरी होती. शीड शिवायची वेळ आली तेव्हा मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की बायको भांडी जोरात घासायला लागते, पण मी ऐकलं नाही. म्हटलं, आपण सोलापूरचे. आपल्या गावची चादर जगात जाते. मग शीड चादरीचंच का नको? दोन डबल चादरी जोडल्या, मोरांची नक्षी बरोबर मधोमध आणली. काठावर सगळ्यांनी वाहवा केली. मग नाव पाण्यात गेली. शिडाच्या कडेला लाटेचं पाणी लागलं. चादर पाणी प्यायला लागली आणि पीतच राहिली. बाभळीपर्यंत जाईतो तिचं वजन माझ्या सासऱ्यांएवढं झालं, डोलकाठी वाकली आणि मोर माझ्या डोक्यावर येऊन बसले. शेजारून जाणाऱ्या नावेतून काकांचा आवाज आला, "नावेला पांघरूण घातलंत भाडेकरू! झोपली की ती!"

माझी बायको त्या वर्षी मेकॅनिकांच्या नावेत होती. तिने जाता जाता माझ्याकडे बघितलंही नाही, नियम पाळला.

पण गोष्ट काकूंची आहे. लाकडी नावेचा एक त्रास असतो. उन्हात फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात, आणि सोलापूरच्या उन्हात तर माणसाचे सांधेही उघडतात. नावेला ओलं ठेवावं लागतं. काका होळीपासून नावेवर ओली पोती टाकत. चार दिवसांआड येणारं पाणी, त्यातलं नावेला. घरात रोज महाभारत. "माणसं तहानलेली आणि हे लाकडाला पाजतायत!" असं काकू गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत.

एका उन्हाळ्यात पोती कुजली. काकांनी नाव सुलटी केली आणि नळ आला त्या सकाळी पाइप थेट नावेत सोडला. बाहेरून ओली करण्याऐवजी आतून. नाव पाण्यात घालता येत नाही, तर पाणी नावेत. पहिल्या दिवशी गल्लीला पूर आला. नाव सगळ्या सांध्यांतून गळत होती. समोरचे गृहस्थ पायजमा वर धरून आले आणि काकांना त्यांच्या वयाची आठवण करून देऊन गेले. काका खडूने गळणाऱ्या जागा खुणावत होते. पाणी ओसरलं की सूतगिरणीच्या टाकाऊ सुताची वात करून, तेलात-राळेत भिजवून ते फटींत ठोकत. पुढच्या पाण्याला निम्मं गळलं. त्याच्या पुढच्याला नुसते घामासारखे थेंब. आणि मग फळ्या फुगून एकमेकींना अशा चिकटल्या की काही नाही.

काकू दारात उभ्या राहून हे बघत होत्या. एका सकाळी त्या बादली घेऊन आल्या, नावेतलं पाणी उपसलं आणि भांडी घासायला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कपड्यांना. आठवड्याभरात आमचीही बादली नावेत बुडायला लागली. राळेचा जरा वास यायचा, पण प्यायचं पाणी वेगळं होतं. तो उन्हाळा अख्ख्या गल्लीत टँकरची वाट बघत गेला, फक्त आमच्याकडे पाणी होतं. काकू पाटावर बसून नावेच्या कडेला हात ठेवून भांडी घासायच्या, आणि काका हाताची घडी घालून बाजूला उभे. "बघा भाडेकरू," ते म्हणाले, "हौद केलाय हिनं माझ्या नावेचा." आवाजात राग होता, पण तो काही टिकणारा नव्हता.

पुढच्या संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा उजनीला गेलो. डॉक्टरांनी नवीन नाव आणली होती. पांढरीशुभ्र, सांधे असे की नखाला लागू नयेत, बसायला रेक्झिनची गादी. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. काकांनी त्यांच्या जुन्याच नावेत पुढच्या फळीवर पोतं ठेवलं, मफलर नीट केला आणि आभाळाकडे बघायला लागले.

बायका चालत निघाल्या. काकू डॉक्टरांच्या नावेपाशी आल्या आणि पुढे गेल्या. डॉक्टरांचा हात मदतीला पुढे झाला होता, तो तसाच राहिला. मेकॅनिकांची नाव गेली. त्या माझ्या नावेपुढे येऊन थांबल्या. गेले तीन महिने मी नव्या, पातळ कापडाच्या शिडावर खपत होतो, अखेर कुणालातरी त्याची किंमत कळली असं वाटलं. काकू वाकल्या, चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पुढे गेल्या. तिथे चिखल होता, म्हणून थांबल्या होत्या.

मग काकांची नाव. काका अजून आभाळाकडेच बघत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "हे पोतं उचला की. माझ्या जागंवर ज्वारी कशापायी ठेवलीय?"

काका खाली बघायला लागले. पोत्याकडे, काकूंकडे, परत पोत्याकडे. हात पुढे करावा हेही त्यांना सुचेना. शेवटी पोतं मीच उचललं.

डॉक्टरांना राहवलं नाही. "काकू, आमच्या नावेत काही कमी आहे का?"

"तुमची नाव लई देखणी हाय डाक्टर," काकू चढत म्हणाल्या. "पर हिच्यात मी उन्हाळाभर पाणी साठवलंय. थेंब गळला न्हाई. आतलं भाईर गेलं न्हाई, तर भाईरचं आत कसं येईल?"

नाव काठ सोडून निघाली आणि पाण्यावर नुसतीच तरंगत राहिली. एवढी वर्षं आम्हाला वाऱ्याच्या दिशा शिकवणारे काका शीड उभारायचं विसरले होते. "अहो, शीड!" असं काकूंनीच त्यांना सांगितलं. शीड चढलं, आणि मला काठावरून दिसलं की नाव पुढे किंचित झुकलीय. काकांचा अंदाज दोन-चार किलोंनी चुकला होता. काकाही तेच बघत होते.

"काय बघताय?" काकूंचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला.

"काही नाही," काका म्हणाले.

माझी बायको गादीवर जाऊन बसली होती, डॉक्टरांकडे. माझ्या नावेत मग पोतं. मी आणि काकूंच्या माहेरची ज्वारी, असे दोघे बाभळीला वळसा घालायला निघालो. पातळ शीड उत्तम चाललं, फक्त नाव खालून पाणी घेत होती. ज्वारी भिजली. काकूंनी ती गच्चीवर वाळत घातली तोवर तिला मोड आले होते. उजनीच्या पाण्यात ज्या एकाच नावेत पीक आलं ती माझी.

नारळ डॉक्टरांनाच मिळाला, माणसं त्यांच्याकडेच जास्त होती. काकांना हे परतीच्या वाटेवर मोडनिंब मागे पडेपर्यंत समजलं नव्हतं. टेंपोत पुढच्या सीटवरून ते मधेच काचेबाहेर बोट काढून वारा बघत होते. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. माझी बायको मागच्या गाडीत डॉक्टरांच्या गादीचं कौतुक करत होती.

पुढे दरवर्षी काकू त्याच नावेत. आणि काकू म्हटल्यावर त्या फळीवर गप्प थोड्याच बसणार. "डावीकडं घ्या की! झोपलाय का?" असं करत करत तिसऱ्या वर्षी सुकाणू त्यांच्या हातात आलं. काका पुढच्या फळीवर, मफलर गुंडाळून, काकूंच्या हुकमावर शिडाची दोरी ओढत. ते म्हणायचे, "नाव बांधणं सोपं. ती ज्याच्या हातात शोभते त्याला देणं अवघड." हे ते उदारपणे म्हणत, जसं काही त्यांना विचारलंच होतं.

गेल्या दिवाळीआधी ते गेले. आजार लांबला, शेवटी फार उतरले होते. दवाखान्यातल्या पलंगावरून त्यांना काट्यावर उभं करायला मीच धरत असे. लोण्याचे हात तेवढ्या कामाला आले. एकदा काट्यावर उभे असताना त्यांनी बोट चाटून वर धरलं. वर पंखा फिरत होता. "वारा पडलाय," म्हणाले.

संक्रांत झाली आणि काकूंचा फोन आला. "अरे, टेंपो सांगितलास का? आणि पोतं भरायला ये."

मी गेलो. नाव गोदीत सुलटी होती, काठोकाठ भरलेली. त्या दिवशी नळ येऊन गेला होता. काकू बादलीबादलीने ती रिकामी करत होत्या. मी ज्वारीचं पोतं स्कूटरवर टाकून गिरणीत नेलं. काकू मागून चालत आल्या.

काटा समोर होता. मला दवाखान्यातला आकडा आठवत होता, तोच तोंडून गेला. "काकू, एकोणपन्नास भरू ना?"

"ते आजारपणातलं," काकू म्हणाल्या. "बासष्ट भर. नावंत बसायचे तवा बासष्ट होते."

मी बासष्ट भरलं. नाक ओढलं, आणि गिरणीवाल्याने बघितलं तेव्हा पीठ उडालंय असं म्हणालो. पोत्याचं तोंड बांधायला सुतळी शोधायला लागलो, तर काकूंनी हात आडवा केला. पिशवीतून त्यांनी तपकिरी मफलर काढला, पोत्याच्या गळ्याशी दोनदा गुंडाळला आणि गाठ मारून ओढून बघितली.

"घट्ट पायजे," त्या म्हणाल्या. "ह्यांना वारं बाधतं."